फ्रेंचला मराठीचा आधार

सोलापूर, रविवार रात्र

आज आकडे घेतले. साठपर्यंत गाडी सरळ चालली आणि पुढे फ्रेंचने वळण घेतलं. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. पुस्तकात याची इंग्रजीतून समजूत घालायला अर्धं पान खर्ची पडलंय. मला त्याची गरजच पडली नाही. आजी कडब्याच्या पेंढ्या अशाच विसा-विसाने मोजायची: तीन इसा (साठ), चार इसा (ऐंशी). (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, 'सप्तांत' आणि 'नोनांत'. पण मला चार-वीसच आवडलं.)

तेव्हाच ठरवलं, इंग्रजीचा वळसा बंद. ज्याची मातृभाषा मराठी, त्याने फ्रेंच मराठीतूनच शिकावी, असं माझं ठाम मत झालंय. फ्रेंचमधले 'तू' आणि 'व्हू' समजावायला इंग्रजीला परिच्छेद लागतो. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेतच, आणि 'व्हू' आपल्या तुम्हीसारखंच एका मोठ्या माणसालाही चालतं आणि अनेकांनाही. इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो'. फ्रेंचमध्ये भूक हे नाम, आपल्यासारखंच. उच्चारातही तेच. फ्रेंच त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, प-त-क मध्ये हवा फुंकायची नाही. इंग्रजी ट-ड चा हात धरला की तिथेच बिघडतं.

लिंगाला मात्र मराठीही पुरत नाही. फ्रेंचमध्ये नपुंसक नाहीच. खुर्ची तिथेही 'ती', पण चंद्रही 'ती' आणि घरही 'ती', पुस्तक 'तो'. म्हणून नुसता शब्द पाठ करायचा नाही, 'ला मेझों', 'ल लिव्र' असा जोडीनेच करायचा. गंमत अशी की लिंग कानाला ऐकू येतं. लहान मुलगा 'प्ती', लहान मुलगी 'प्तीत'. पुल्लिंगात मुकं असलेलं शेवटचं अक्षर स्त्रीलिंगात बोलू लागतं. मोठा 'ग्राँ', मोठी 'ग्राँद'. हे कागदावर शिकले असते तर शेवटी नुसता एक जादा 'e' दिसला असता.

कानाचं महत्त्व सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. पूर्व भागातलं पोर घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड बोलतं, आणि व्याकरणाचं पुस्तक त्याने पाहिलेलंही नसतं. मीही आता धडा वाचण्याआधी ऐकते, मगच वही उघडते. 'पार्ल' (बोलतो, बोलतात) तर तीन तऱ्हांनी लिहितात आणि तिन्ही वेळा सारखंच ऐकू येतं. आधी वाचलं असतं तर घाबरलेच असते.

एक स्वर अजून बसत नाही. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, आणि तो चुकला की रस्त्याचं चाक होतं: 'रू' आणि 'रू' लिहून फरक दाखवताच येत नाही. वहीत त्याच्यापुरती स्वतःची खूण केलीय, ऊकारावर एक टिंब. आता त्या टिंबाचे शब्द वेगळे काढून रोज आरशासमोर म्हणायचे आहेत.