इथं ओव्हरटेक नाही

एसटीच्या ड्रायव्हरला संयम असतो, असं लोकांना उगाच वाटतं. सात-आठ तास एका सीटवर बसणारा माणूस म्हणजे शांत असणारच! माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, म्हणून सांगतो, बसून राहणं आणि संयम यांचा काडीचा संबंध नाही. घाटात पुढं भरलेला ट्रक लागला की माझ्या पोटात ढवळायला लागायचं. रेल्वेचं फाटक पडलं की इंजिन चालूच ठेवून बसायचो, जणू मी घरघर ऐकवली तर मालगाडी लवकर जाईल. घरीसुद्धा तेच. ही तव्यावर भाकरी टाकेपर्यंत मी पाटावर बसून तांब्याशी चाळा करत असायचो. गाडी वेळेवर सोडायची आणि वेळेवर पोचवायची, एवढंच डोक्यात. मधला रस्ता म्हणजे नुसती अडचण.

निवृत्त झाल्यावर फलटणच्या घरात मी सगळ्यांना नकोसा झालो. हिनंच मला आक्काकडं पिटाळलं. आक्का माझी थोरली बहीण, म्हसवडच्या अलीकडं एका खेड्यात राहते. दाजी गेले, पोरं पुण्याला, घरी एक शेळी आणि आक्का. तिचा मोतीबिंदू पिकत आलेला, पण ऑपरेशनला तयार होईना. सोप्यात अर्धी शिवलेली गोधडी पसरलेली, आणि आक्का सुईत दोरा ओवायचा म्हणून दाराच्या उजेडात जाऊन डोळे बारीक करतेय. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास बापू. एवढा दोरा ओवून दे."

मी ओवून दिला. वावभर संपला की पुन्हा ओवायचा. संध्याकाळपर्यंत माझं तेवढंच काम. मधे एकदा मी शहाणपणा करून दोरा दुप्पट लांब घेतला, म्हणजे सारखं उठायला नको. आक्का काही बोलली नाही. चार टाक्यांत त्याचा असा गुंता झाला की ती तो सोडवत बसली आणि मी तिच्याकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी सुई माझ्याच हातात दिली. "तू त्या बाजूनं घाल, मी ह्या बाजूनं येते."

गोधडी म्हणजे जुन्या चिंध्या एकावर एक ठेवून शिवायच्या, असं मला आयुष्यभर वाटत होतं. तसं नाही. कापड आधी निवडावं लागतं. खाली-वर सुती नऊवारी, ती वापरून वापरून मऊ पडलेली. आमच्या आईची इचलकरंजीची पातळं आक्कानं ट्रंकेत ठेवली होती, तीच काढली. पोटात दाजींची धोतरं, जुन्या चादरी, माझे खाकी शर्ट. शर्टाची कॉलर, खिसा, पट्टी, बटणं सगळं उसवून काढायचं, कारण जाड शिवण आत राहिली की तिथं सुई अडते. टेरिकॉटचं कापड घातलं तर सुई घुसता घुसत नाही आणि बोटाला भोक पडतं. टीशर्ट तर अजिबात नको, ते ताणलं जातं. मग सारवलेल्या जमिनीवर एकेक थर अंथरायचा, हातानं सुरकुती काढत काढत, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. हे करण्यातच दिवस जातो. शिवायला अजून सुरुवातही झालेली नसते.

शिवण कडेनं सुरू होते. धावदोरा घालत पहिली ओळ चारी बाजूंनी फिरवायची, मग तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी, मग तिसरी. चौकोनात चौकोन. सगळ्या ओळी फिरत फिरत मधे जातात. आता यात गोम अशी की शिवताना कापड हळूहळू आत सरकत असतं. घाईनं दोरा ओढला की टाका आवळतो, चुणी पडते. ती चुणी तिथं राहत नाही, पुढच्या ओळीत सरकते, त्याच्या पुढच्या ओळीत थोडी मोठी होते, आणि शेवटी मधे एवढा फुगा येतो की तो कुठंच जिरवता येत नाही. म्हणजे कडेला केलेली घाई मधे पोचायला दोन-तीन आठवडे घेते, पण पोचते नक्की. गाडीत असं नसतं. तिथं ब्रेक दाबला की लगेच कळतं.

आक्काची ओळ बघितली की सरळ रेघ. माझी नांगरटीसारखी. पण ती उसवायला लावायची नाही. "असू दे, पांघरल्यावर कोण बघतंय." एवढं मात्र होतं की मी भरभर शिवायला लागलो की ती शिवायची थांबायची. नुसती बसून राहायची. मग मलाही थांबावं लागायचं, कारण दोन्ही बाजूंच्या ओळी बरोबरीनं पुढं गेल्या नाहीत तर कापड एकीकडं ओढ खातं. चिडावं तर कुणावर? कापड काही ऐकून घेत नाही.

मधला हातभर चौकोन उरला तेव्हा आक्कानं त्यात चार तांदळाचे दाणे टाकले आणि वरून टाके घातले. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणे. आई असंच करायची. मला आठवत नव्हतं, आठवणार कसं, मी तेव्हा विट्या-दांडूत.

त्या मुक्कामातच तिनं दुसरं काम गळ्यात घातलं. आक्का माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालत जायची. गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचं चालणं थांबलं. "घरातली वारी चुकायला नको. यंदा तू जा." मी म्हटलं, अगं मी माळकरी नाही, रविवारी मटण खातो. म्हणाली, "त्या वीस दिवसांत खाऊ नकोस म्हणजे झालं."

माझी आणि पंढरपूरची ओळख वेगळी होती. आषाढीला राज्यभरातून हजारो जादा गाड्या सुटतात. गावातल्या स्टँडवर त्या मावत नाहीत, म्हणून चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल कारखाना अशी तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात. मी वर्षानुवर्षं तिथं गाडी रिकामी केली, भरली आणि वळवली. देवळाच्या दिशेनं कधी पाऊल टाकलं नाही, वेळच नसायचा. आणि पालखीच्या दिवसांत वाहतूक वळवली की सगळ्यात जास्त कुरकुर माझी. फलटणमध्ये विमानतळाच्या मैदानावर पालखी उतरते, गाव भरून जातं, आणि मी हिशेब करत बसायचो की आज किती फेऱ्या बुडणार.

आता त्याच रस्त्यावर मी दिंडीत, डोक्याला टोपी, गळ्यात टाळ. टाळ वाजवता येत नव्हते, ते शिकवले एका इंदापूरकडच्या बुवांनी चालता चालता.

दिंडीची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढं पताका, मग ओळीनं टाळकरी, मधे मृदंग, वीणेकरी, आणि मागं डोक्यावर तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली, ती अजून चालते. रथापुढं 27 दिंड्या, बाकीच्या रथामागं, प्रत्येकीला नंबर. ज्या दिंडीचा जो नंबर ती तिथंच चालणार. पुढची थांबली की आपण थांबायचं. पाय कितीही शिवशिवले तरी बाजूनं काढता येत नाही. पहिल्या दिवशी मला हे फार जड गेलं. दोन्ही बाजूंनी मोकळे चालणारे लोक सटासट पुढं जात होते आणि आम्ही एका जागेवर उभे राहून अभंग म्हणतोय!

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात मोठा, तीस किलोमीटरच्या वर, आणि बहुतेक वेळा तो एकादशीलाच येतो, म्हणजे उपास. मधे दिवे घाट. हा घाट मी गाडीनं इतक्या वेळा चढलोय की कुठल्या वळणाला कुठला गिअर ते झोपेत सांगेन. एसटीला काही मिनिटं लागतात. पालखीच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या लावतात, आणि चढायला जातात काही तास. वरच्या वळणावरून खाली बघितलं तर घाटभर माणसंच माणसं, मस्तानी तलावापासून वरपर्यंत. खाली अडवून ठेवलेल्या गाड्यांच्या रांगेत एखादी लाल गाडी असेल, तिच्यात माझ्यासारखाच कुणीतरी इंजिन चालू ठेवून बसला असेल, असं वाटलं. वाईट वाटलं नाही, हसू आलं.

सासवडला पोचलो तेव्हा टाचेला फोड. राहुटीतल्या एका मावशींनी बघितलं आणि विचारलं, "माउली, सुई आहे का?" सुई होती, आक्कानंच पिशवीत टाकलेली. मावशींनी ती दिव्यावर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडं कापला. पाणी हळूहळू झिरपून जातं. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि मला चांगलंच झापलं, असलं काही करायचं नाही, जखम पिकते. बरोबर आहे त्यांचं. तरी मी त्या पायानं लोणंदपर्यंत गेलो, हेही खरं.

आक्कानं अंथरायला गोधडीच दिली होती. यावर माझं स्पष्ट मत असं आहे की वारीला गोधडी नेऊ नये. वाल्ह्याच्या अलीकडं पावसानं गाठलं. सगळ्यांच्या चादरी दुसऱ्या दुपारी वाळल्या, माझी गोधडी दोन दिवस ओली, आणि ओली गोधडी म्हणजे सिमेंटचं पोतं. ट्रकवरचा पोरगा रोज विचारायचा, "काका, ही टाकू का खाली?" सोलापुरी चादर न्यावी, हलकी पडते.

सगळ्यात जास्त मला समाजआरती आवडली. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. मग चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं गप्प. एवढी माणसं आणि चिडीचूप. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, जागा मिळाली नाही, पाणी नाही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, सोडवतात, मग ती थांबते. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ, आणि नंतर आरती. एका संध्याकाळी एक दिंडी बराच वेळ वाजवत राहिली. उपाशी, दमलेली, भिजलेली हजारो माणसं त्या एका दिंडीचं ऐकून होईपर्यंत उभी. कुणी "अरे चला आता" म्हटलं नाही. गाडी दहा मिनिटं थांबली तर पन्नास माणसं माझ्या केबिनवर धडका द्यायची, ती हीच माणसं की! मी तिथं उभा राहून पहिल्यांदा नीट विचार केला. माणूस मुळात उतावळा नसतोच बहुतेक. आपण कुणाच्या गतीनं चाललोय हे त्यानं एकदा मान्य केलं की तो थांबतो. सुई कापडाच्या गतीनं चालते, दिंडी वीणेकऱ्याच्या. गाडी मात्र मी माझीच समजत होतो.

तरडगावच्या आधी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे रस्त्यावरच वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतात ते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, एकावर स्वार, दुसरा मोकळा, तो माउलींचा. मोकळा अश्व धावत गेला तशी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकले. मी वाकलो नाही. का ते सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी वाकेन का तेही नाही. माझी श्रद्धा अजून कच्च्या टाक्यांवर आहे.

फलटणला ही भेटायला आली, पिठलं-भाकरी घेऊन. मी तिच्यासमोर शांत बसून जेवलो तर तिनं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

पंढरपुरात आषाढीला पायावर डोकं ठेवायचं तर रांगेत दिवस-दिवस जातो. मी कळसाला हात जोडले. चंद्रभागेत बुडी मारली. गाडगे महाराजांच्या धर्मशाळेवरून जाताना एक वारकरी म्हणाले, बाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घ्यायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, आणि वारीत येऊन ते देवळात जाण्याऐवजी वाळवंट झाडत. मला ते एकदम पटलं. मग मी भीमा स्टँडवर गेलो. तिथं आमची जुनी मंडळी ड्युटीवर होती, दोन रात्रींची जागलेली. त्यांना चहा पाजला, त्यांच्या शिव्या ऐकल्या आणि त्यांच्याच गाडीनं उभ्यानं फलटणला आलो.

आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता झालंय. चष्म्यातून तिला माझे टाके स्पष्ट दिसतात, त्यामुळं बोलणी वाढलीत. सध्या पुतणीच्या बाळासाठी छोटी दुपटी शिवतोय आणि पुण्याच्या पोरांसाठी एक मोठी. पुण्यातल्या एका बाईंनी फोटो बघून भाव विचारला. मी सांगितलं, विकत नाही, पण शिकवतो, दुपारी कधीही या.

एक विनंती. फलटण-म्हसवड भागात कुणाकडं जुनी सुती पातळं, धोतरं पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. टेरिकॉट देऊ नका. मागच्या महिन्यात एका घरातून तीन बोचकी आणली, दोन अख्खी टेरिकॉटची निघाली, आणि ती आता आक्काची शेळी पांघरते.