फ्लॉरेन्समध्ये मॅनरिझम: उफित्झी सगळ्यात आधी नको

फ्लॉरेन्सला मॅनरिझम (रेनेसाँचं प्रमाण आणि तोल मुद्दाम मोडणारी सोळाव्या शतकातली चित्रशैली) बघायला जाणारे बहुतेक जण थेट उफित्झी संग्रहालयात शिरतात. तिथे बोत्तिचेल्लीपर्यंतच पाय बोलायला लागतात, आणि पार्मिजानिनोच्या चित्रातली लांब मानेची मरिया (येशूची आई) समोर आली की ‘प्रमाण चुकलंय’ म्हणून पुढे सरकायचं. म्हणून क्रम बदला.

पहिला मुक्काम सान्तिस्सिमा आनुन्झियाता चर्च. गाभाऱ्याकडे न जाता दाराजवळच्या छोट्या चौकात थांबा. तिकीट लागत नाही. इथे गुरू आंद्रेआ देल सार्तो आणि त्याच्याकडे शिकलेले पोन्तोर्मो व रोस्सो एकाच चौकाच्या भिंतींवर आहेत. पोन्तोर्मोचं, गरोदर मरिया आणि तिची नातेवाईक एलिझाबेथ यांच्या भेटीचं भित्तिचित्र (१५१४–१६) अस्सल रेनेसाँ शिस्तीचं: मधोमध भेट, मागे अर्धगोल कोनाडा, पायऱ्यांवरची माणसं दोन्ही बाजूंना तोलून बसवलेली. ते नीट डोक्यात ठेवा. मग रोस्सोच्या, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या भित्तिचित्रात खाली बघा. एका प्रेषिताचा झगा चौकट ओलांडून बाहेर लोंबतोय. त्या शिस्तीविरुद्धची कुरबुर इथूनच सुरू होते.

तिथून पोन्ते वेक्किओ पूल ओलांडून डावीकडे सान्ता फेलिचिता चर्च. दुपारी चर्च बंद असतं, त्यामुळे सकाळीच गाठा. आत शिरताच उजवीकडचं कप्पोनी चॅपल. दिवा नाण्यावर लागतो आणि थोड्याच वेळात विझतो, तेव्हा सुटी नाणी खिशात हवीतच. दुर्बीण असेल तर उत्तम, कारण कठडा जवळ जाऊ देत नाही. इथल्या पोन्तोर्मोच्या चित्रात (१५२५–२८) येशूचा देह खाली आणलाय, पण क्रूस नाही, शिडी नाही, जमीन जेमतेम. पुढचा उकिडवा तरुण चवड्यांवर बसून सगळा भार पेलतोय. असं कुणाला पेलवणार नाही. गुलाबी नि आकाशी रंग मात्र त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बरोबर काम करतात. दिवा विझल्यावरही मिनिटभर थांबा, म्हणजे ते कळतं.

आता उफित्झी (सोमवारी बंद). आधी मायकेलँजेलोचं ‘दोनी’ नावाने ओळखलं जाणारं गोल चित्र: मरियेच्या खांद्याचा पीळ, कपड्यांचे झगझगीत रंग. पोन्तोर्मोनं हे आकाशातून पाडलेलं नाही, हे तिथे दिसतं. मॅनरिझम म्हणजे रेनेसाँची घसरण, हे जुनं पालुपद त्यानंतर पटत नाही. लांब मानेच्या मरियेपाशी आता जा.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कार्मिन्यानो गाव. सान मिकेले चर्चमध्ये पोन्तोर्मोनं १५२८–२९ च्या सुमारास मरिया-एलिझाबेथची तीच भेट पुन्हा रंगवलीय: चार बायका चित्रभर, दोघी सरळ आपल्याकडे बघताहेत, आणि मागच्या रस्त्यावरची माणसं मुंगीएवढी. बसफेऱ्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. शिवाय हे चित्र अधूनमधून प्रदर्शनांसाठी परदेशी जातं. ते जागेवर आहे की नाही, हे विचारूनच निघा.