बोर्डावरचा एक बिल्ला

संध्याकाळी आठला दुपारपाळी सुटली तेव्हा बोर्डावर एक बिल्ला उरला होता. 31 नंबरचा.

आमच्या कामावरची रीत साधी आहे. शाफ्टमधून, म्हणजे जमिनीतून खाली जाणाऱ्या उभ्या विहिरीतून, बोगद्यात उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला बोर्डावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. कार्ड दाखवायचं यंत्रही आहे, पण मुंबईच्या पावसात ते कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि मी तिथे सुरक्षा अधिकारी असले तरी माझा भरवसा खिळ्यावरच्या बिल्ल्यावरच जास्त आहे. त्या दुपारी 47 जण खाली गेले होते. वर आलेले मी मोजले, 46 भरले.

फोरमन म्हणाले, "मॅडम, पोरगं बिल्ला काढायचं विसरलं असणार. आठवड्यातनं एकदा होतंच. रात्रपाळी सोडूया."

ते चुकीचं बोलत नव्हते. असं होतं. रात्रपाळीची माणसं हेल्मेट घालून पावसात ताटकळत होती. बोगदा खणणारं मशीन तासभर थांबलं तर किती नुकसान होतं, हे मलाही ठाऊक होतं. 31 नंबर म्हणजे पंपावरचा मदतनीस, बाविशीतला पोरगा. त्याचा फोन बंद. एक जोडीदार म्हणाला, सहाच्या चहाला दिसला होता. दुसरा म्हणाला, नंतर संपाशी पाईप ओढताना पाहिला. संप म्हणजे बोगद्याच्या सखल भागातली पाणी साठवायची टाकी. ते ऐकलं आणि मी रात्रपाळी अडवली.

काही वर्षांपूर्वी असते तर कदाचित मीही फोरमनचंच ऐकलं असतं. मधे इंग्लंडमधलं व्हाइटहेवन हे खाणींचं गाव पाहिलं.

2019 च्या ऑक्टोबरात प्रशिक्षणासाठी इंग्लंडच्या उत्तरेला गेले होते. एक शनिवार मोकळा मिळाला. कार्लाइलहून किनाऱ्याची गाडी धरली. शेवटी शेवटी रूळ समुद्राला इतके खेटतात की खिडकीतून खाली नुसते दगड आणि पाणी दिसतं. गाव देखणं आहे. सतराव्या शतकात लोदर घराण्यानं काटकोनात रस्ते आखून वसवलेलं. इथला कोळसा जहाजांतून डब्लिनला जायचा, व्हर्जिनियाहून तंबाखू यायची. रम, साखर आणि गुलामांच्या व्यापाराचा पैसाही त्या सुंदर घरांत मुरलेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आजीला याच गावात पुरलं. ही माहिती प्रवाशांना हौसेनं सांगतात, पण मी गेले होते ती गावाच्या पोटात काय आहे त्यासाठी.

कारण इथला कोळसा समुद्राखाली शिरलेला आहे. बंदरावरून कड्याच्या वाटेनं चालत गेलं की खाली लाटांच्या काठाशी एक पडकी दगडी इमारत दिसते. ती सॉल्टम खाण. 1729 साली कार्लाइल स्पेडिंग नावाच्या माणसानं ती समुद्राखालचा कोळसा काढण्यासाठीच खणायला घेतली. साडेचारशे फूट खोल. सुरुंगाची दारू वापरून शाफ्ट पाडला. आज आमच्याकडे गॅस मोजायची यंत्रं आहेत, पंखे आहेत, दर दहा मिनिटांना नोंद आहे. त्याच्याकडे काय होतं? मिथेन या पेट घेणाऱ्या वायूत मेणबत्ती नेता येईना म्हणून त्यानं एक चाक बनवलं. पोलादाचं चाक फिरवायचं, त्यावर गारगोटी धरायची आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात दुसऱ्यानं कोळसा फोडायचा. खाणीतला वायू नळीनं वर आणायची युक्तीही त्याचीच. 1755 साली तो स्वतः खाणीतल्या स्फोटातच गेला. मी त्या कड्यावर बराच वेळ उभी होते. ज्याच्या धंद्यात आपण आहोत त्या धंद्यातला कुणी पूर्वज भेटावा, तसं वाटत होतं.

बंदराच्या वरच्या अंगाला एक उंच धुराडं आहे. मेणबत्ती खोचायच्या दांडीसारखं दिसतं म्हणून त्याला कँडलस्टिक म्हणतात. ते वेलिंग्टन खाणीचं. 11 मे 1910 च्या संध्याकाळी तिथे स्फोट झाला, पाठोपाठ आग. आग विझावी म्हणून अखेर आतली हवा तोडायचं ठरलं आणि विटा रचून वाट बंद केली. आतली माणसं एव्हाना जिवंत नसणार असं धरून चालले होते. 136 माणसं आणि पोरं गेली. काही महिन्यांनी खाण उघडली तेव्हा एका दारावर खडूनं लिहिलेलं सापडलं. 12 मेच्या पहाटे चार वाजेपर्यंत 35 माणसं आणि पोरं तिथे ठीक होती, असा तो मजकूर. स्फोटानंतर आठ तास उलटल्यावर कुणीतरी अंधारात माणसं मोजली होती आणि आकडा लिहून ठेवला होता. वरच्यांपर्यंत तो पोचला नाही.

आणि विल्यम खाण, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तिथली तारीख वाचून मी तिथेच थबकले. 15 ऑगस्ट 1947. माझे आजोबा परळच्या गिरणीत बॉयलर खात्यात कोळसा टाकायचे. त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, रात्रभर माणसं ट्रामच्या टपावर बसून हिंडली, हे ते दर ऑगस्टात सांगत. त्याच संध्याकाळी इथे स्फोटात 104 जण मेले. सगळी आशा संपल्यावर, वीसेक तासांनी, तीन माणसं स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली.

मला त्या 104 पेक्षाही हे तिघं जास्त आठवतात.

तर त्या रात्री मी खाली जायला निघाले. बरोबर कोण येतं विचारलं तर आमचा मुकादम पुढं आला. धनबादकडचा, वीस वर्षं मुंबईत, शिवडीला राहतो. पाळीच्या आधी उशीर झाला की सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच असते. त्या दिवशी काही बोलला नाही. "चला मॅडम, मी येतो," एवढंच.

दीड किलोमीटर चाललो. मशीन बंद असलं की बोगद्यात ठिबकणारं पाणीही मोठ्यानं ऐकू येतं. आमचं काम काळ्या पाषाणातलं असलं तरी खाडीकाठच्या गाळातला वायू कुठून झिरपेल याचा नेम नसतो, म्हणून डिटेक्टर हातात धरून जात होते. आकडे नीट होते. दोन बोगद्यांना जोडणारे क्रॉस पॅसेज पाहिले, ट्रॉलीखाली वाकून पाहिलं, नावानं हाका मारल्या. मग संप आला. पाणी गढूळ, छातीएवढं. मुकादम बांबू घेऊन कडेला गुडघ्यांवर बसला आणि तळ चाचपू लागला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, वीत वीत सरकत. मी टॉर्च धरला होता. माझा हात थरथरत होता, कारण तो बांबू कशाला लागला असता तर काय, हे दोघांनाही कळत होतं.

हात न थांबवता तो म्हणाला, "माझा काका चासनाल्यात गेला."

चासनाला म्हणजे धनबादजवळची कोळसा खाण. 27 डिसेंबर 1975. शेजारच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीची भिंत फुटून ते पाणी चालू खाणीत घुसलं. पावणेचारशे माणसं. खाणसुरक्षेच्या वर्गात ही तारीख मी पाठ केली होती. ज्याच्या घरातला माणूस त्यात गेला असा कुणी तोवर भेटला नव्हता.

"आजी रोज फाटकाशी जाऊन बसायची," तो म्हणाला. "पाणी उपसत होते तितके दिवस."

बांबू चौथ्या कोपऱ्याला टेकला. तळाला काही नव्हतं. आम्ही पुढे मशीनपर्यंत जाऊन परत फिरलो, तेव्हा बोगद्यातला फोन वाजला. पोरगा वडाळ्याच्या खोलीवर होता. सातच्या सुमाराला थंडी भरून ताप आला, मालाच्या लिफ्टनं वर आला, रिक्षा करून गेला आणि गोळी घेऊन झोपला. शेजारच्यानं दार वाजवून उठवला. मुकादमानं फोन ऐकला, बांबू भिंतीला उभा केला आणि तोंडावरून ओला हात फिरवला.

वर आलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. फोरमननी रजिस्टर पुढं केलं. काम बंद, एक तास पन्नास मिनिटं. कारणाच्या रकान्यात मी "31 नंबरचा शोध" असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी त्यावर लेखी खुलासा द्यावा लागला, तो दिला. मालाच्या लिफ्टशीही एक बोर्ड लावून घेतला.

त्या रात्री मुकादमानं 31 चा बिल्ला खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. मग रात्रपाळी एकेक करून उतरू लागली. नेहमी घाईत बिल्ला फेकल्यासारखा अडकवणारी माणसं त्या दिवशी खिळ्याशी क्षणभर थांबत होती. सगळे गेल्यावर मी मोजलं. 44. पुन्हा मोजलं.