काळी रेघ झाकून बघा

टोरंटोजवळ एका फ्रेमिंगच्या दुकानात मी कामाला आहे. ओजिब्वे या इथल्या आदिवासी लोकांच्या चित्रांच्या प्रिंट्स आमच्याकडे येतात, आणि गिऱ्हाइकाला फ्रेमच्या भावाआधी पक्ष्याचा अर्थ हवा असतो. अस्वल म्हणजे बळ, कासव म्हणजे पृथ्वी, असल्या याद्या नेटवर पैशाला पासरी. मला त्या राशिभविष्यासारख्या वाटतात.

त्यापेक्षा ओजिब्वे चित्रकार नॉर्व्हल मॉरिसोची (1932–2007) एखादी प्रिंट घ्या आणि जाड काळ्या रेघा कागदाच्या पट्टीने झाकून बघा. माणसापासून निघालेली रेघ माशाला जाऊन मिळते, माशापासून पक्ष्याला. मध्येच दोन भाग केलेलं वर्तुळ. प्राण्यांच्या पोटातलंही सगळं उघड दिसतं. रेघ झाकली की उरतात नुसते रंगाचे तुकडे. कोण कोणाशी बांधलेलं आहे, हे ती रेघच सांगते.

ती काही हवेतून आली नाही. निपिगॉन तलावाकाठी मॉरिसोला आजोबांनी वाढवलं, आणि आजोबा शामन होते, म्हणजे आत्म्यांशी बोलणारे जाणते. मिडेविविन या ओजिब्वे धर्मपरंपरेतलं ज्ञान भूर्जाच्या सालीवर कोरून ठेवलेलं असे. बाहेरच्यांना दाखवायची ती गोष्ट नव्हती. मॉरिसोने ती चित्रांत आणली म्हणून आपल्याच माणसांचा रोषही ओढवून घेतला. 1962 मध्ये टोरंटोच्या पोलॉक गॅलरीतलं प्रदर्शन हातोहात खपलं. कॅनव्हास आणि ॲक्रिलिक पुढे सर्रास आलं. त्याआधी भूर्जाची साल, मूस या मोठ्या हरणाचं कातडं, सामान गुंडाळायचा तपकिरी कागद.

साल फ्रेम करणं म्हणजे डोक्याला ताप. झाडावरून सोलली की ती उलटी वळते, पांढरी बाजू आत जाते. कोरायचं ते आतल्या तपकिरी अंगावर: वरचा गडद थर खरवडला की खालचा फिका रंग उघडा पडतो. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत ती आकसते, उन्हाळ्यात पुन्हा फुगते. गोंदाने चिकटवाल तर तडकेल. काचेपासून लांब, कडेला जपानी कागदाच्या बारीक पट्ट्यांवर, हलायला जागा ठेवूनच बसवायची. तपकिरी कागदाचं दुखणं वेगळं, तो आपल्याच आम्लाने ठिसूळ होत जातो.

प्रतीक म्हणून मला विचार करावासा वाटतो तो तांब्याचा. सुपीरियर सरोवराच्या परिसरात शुद्ध धातूच्या रूपात तांबं सापडतं, आणि माणसं ते हजारो वर्षं काढत आली. ओजिब्वे कथांत त्याचा राखणदार मिशिपेशू, पाण्याखालचा शिंगवाला लिंक्स, म्हणजे रानमांजर. ओंटारियोतल्या अगावा खडकावर तो लाल गेरूने काढलेला आहे, पाठीवर काटे, शेजारी होडी. आकाशातल्या गर्जनापक्ष्याशी त्याचं पूर्वापार वैर. आणि मॉरिसो चित्रावर सही करायचा ती क्री या शेजारच्या आदिवासींच्या लिपीत, ‘तांब्याचा गर्जनापक्षी’ या नावाने. ती लिपी त्याला बायकोने, हॅरिएटने शिकवली. पाताळातला धातू आणि आकाशातला पक्षी एकाच सहीत! यादीत हे कुठे बसवणार?

मी मूळचा डहाणूचा, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅरिसमध्ये 1989 साली पोंपिदू सेंटरने भरवलेल्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात मॉरिसो होता आणि आपले जिव्या सोमा म्हसेही होते. गेरूवर तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढणारी परंपरा म्हसेंनी कागदावर नेली.

‘ओजिब्वे चित्र म्हणजे पक्षी-प्राणी’ असं ठरवून आलेल्यांना मी जॉर्ज मॉरिसन (1919–2000) दाखवतो. मिनेसोटात सुपीरियरच्या काठी जन्म, न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकारांत उठबस. अटलांटिकच्या किनाऱ्यावर वाहत आलेली लाकडं उचलून त्याने मोठमोठी कोलाज केली, तुकड्याला तुकडा घट्ट भिडवून. गर्जनापक्षी नाही, मिशिपेशू नाही. लाकडांच्या सांध्यांमधून, वरच्या बाजूला, एक आडवी रेघ मात्र सरळ जाते. ते सुपीरियरचं क्षितिज. लाकूड एका पाण्याचं, क्षितिज दुसऱ्या. गिऱ्हाईक ‘याचा अर्थ?’ म्हणतं तेव्हा मी एवढंच सांगतो, आणि मग फ्रेमचा भाव.