लाल ढग समुद्रात गेला, इशारा तसाच ठेवला

जुलैतली पहाटेची ड्यूटी, कुलाबा वेधशाळा. रात्रभर अरबी समुद्रावर वाढलेला ढगांचा पुंजका इन्फ्रारेड चित्रात लालभडक दिसत होता, माथ्याचं तापमान उणे 70 अंशांखाली. इन्सॅट-3डीआर आणि 3डीएस हे उपग्रह आळीपाळीने टिपतात, त्यामुळे दर पाव तासाला नवं चित्र येतं. दर चित्रात लाल भाग किनाऱ्यापासून आणखी लांब.

"मॅडम, हे तर समुद्रात चाललंय. पावसाचा इशारा उतरवूया?" सोबतच्या तरुण सहकाऱ्याने विचारलं. तेवढ्यात महापालिकेच्या आपत्कालीन कक्षातून फोन. दुपारी भरती, पंपांचं आत्ताच ठरवायचं होतं.

पावसाळ्यात मुंबईवर वाऱ्याचे दोन मजले असतात. खाली पश्चिमेचा वारा बाष्प घेऊन किनाऱ्याकडे येतो. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेचा झोत उलटा वाहतो आणि उंच ढगांचे माथे समुद्राकडे ओढत नेतो. लाल रंग असतो तो या माथ्यांचा. कोकणातला कितीतरी मुसळधार पाऊस मात्र बुटक्या ढगांतून पडतो. त्यांचे माथे तेवढे थंड नसतात, म्हणून इन्फ्रारेडमध्ये ते नुसते करडे दिसतात. रडारवरही ते उशिरा येतात, कारण दूर समुद्रावर रडारचा किरण त्यांच्या वरून निघून जातो.

उजाडलं आणि दृश्य प्रकाशातलं चित्र आलं. लाल पुंजका आणि किनारा यांच्यामध्ये बुटक्या ढगांच्या रांगा लागल्या होत्या. मी सहकाऱ्याला म्हटलं, "लागोपाठच्या तीन चित्रांत एकच ढग धर आणि तो किती सरकला ते मोज." रांगा सरळ आपल्याकडे येत होत्या, वेगात. असेच मोजलेले वारे पुढे संगणकाच्या मॉडेललाही दिले जातात. वरचे वारे मोजायला सांताक्रूझहून सोडतात तो फुगा समुद्रावरचं सांगत नाही, म्हणून मला या वाऱ्यांची किंमत फार वाटते.

ऑरेंज अलर्ट ठेवला. आपत्कालीन कक्षाला सांगितलं, "जोर दुपारीच धरा. कुठल्या भागात जास्त, ते उपग्रह सांगू शकत नाही. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला शंभरही नाही."

साडेदहापासून रडारवर एकेक रांग उमटू लागली. दुपारी दादर-परळला पाणी भरलं, पण पंप आधीच लावलेले होते. सहकाऱ्याने ड्यूटी सोपवताना खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या नकाशांवर काढून दिले. तेव्हापासून आमच्या पाळीत खालचा नकाशा आधी उघडतो.