खोलता-जोडता येणारा पलंग

सोमवार, रात्री

परदेशातल्या भाड्याच्या घराची किल्ली हातात आली. स्वयंपाकघर लावलेलं आहे, भिंतीत कपाटं आहेत, बाकी सगळं रिकामं. करार वर्षाचा. पुढे मुदत वाढेल की दुसऱ्या शहरात जावं लागेल, हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. झोपायचं कशावर, हा प्रश्न मात्र आजचाच आहे.

नवऱ्याचं उत्तर तयार होतं. "पलंग कशाला? गादी आणू आणि टाकू जमिनीवर. जपानी लोक नाही का झोपत?" झोपतात, पण त्यांची ती पातळ फुतॉन गादी सकाळी घडी होऊन कपाटात जाते, अधूनमधून वाऱ्यावर पडते. फोमची गादी घडी होणारी नाही. एकदा टाकली की घर सोडेपर्यंत तिथेच. रात्रभर अंगातून निघणारा घाम आणि ऊब गादीतून खाली उतरते, खाली थंड फरशी भेटली की त्या ओलाव्याचं पाणी होतं, आणि थंडीत खिडक्या बंदच असल्या की गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. फरशीवर डाग पडतो तो वेगळाच. फरशी लाकडी आहे, आणि घरमालकाची आहे. गादीखालून हवा खेळायला हवी, एवढ्यासाठी तरी पलंग हवाच. हे त्याला पटलं. (डिपॉझिटचा मुद्दा पटला, बुरशीचा नाही. असो.)

मंगळवार

मोजपट्टी घेऊन घरभर फिरले. दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची, आणि पलंग मांडल्यावर खोलीत उरणारी जागा. या शेवटच्या मापाकडे बरेचदा दुर्लक्ष होतं. पलंग बसतो खरा, पण मग कपाटाचं दार अर्धंच उघडतं आणि वर्षभर अंग चोरून कपडे काढावे लागतात.

क्वीन म्हणजे सगळीकडे सारखंच माप, असं कुणालाही वाटेल. तसं अजिबात नाही. भारतात क्वीन बहुधा ६० बाय ७८ इंचांची मिळते, अमेरिकेत ६० बाय ८०. ब्रिटनमध्ये साधारण त्याच मापाला, म्हणजे १५० बाय २०० सेंटिमीटरला, किंग म्हणतात. तिथली डबल १३५ बाय १९०. युरोपच्या मुख्य भूमीवर नावांच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही, सरळ सेंटिमीटरच बोलतात: ९०, १४०, १६०, १८०, आणि लांबी बहुतेक २००. त्यामुळे पलंग एका पद्धतीचा आणि गादी दुसऱ्या पद्धतीची आली की कडेला फट राहते आणि रोज रात्री तिच्यात काहीतरी घसरतं. गादी मोठी निघाली तर ती बाजूच्या पट्टीवर चढून बसते. आम्ही बरोबर आणलेल्या चादरी बसतील न बसतील, चादरींसाठी पलंग निवडण्यात अर्थ नाही. ज्या देशात राहतोय तिथलं चालू माप घ्यायचं. उद्या गादी बदलायची झाली तरी मिळते, आणि जाताना पलंग विकायचा झाला तर घेणाऱ्याकडे त्याच मापाची गादी असते.

रुंदीवरून थोडा वाद झाला. १४० पुरेल, असं नवऱ्याचं म्हणणं. १४० म्हणजे माणशी ७०. अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या पाळण्यातली गादी जवळपास तेवढीच रुंद असते. बाळ निदान एकटं झोपतं. १६० ठरलं.

बुधवार

आजचा सगळा वेळ पलंग जोडलेले कसे असतात हे बघण्यात गेला. माझ्या मते खरी निवड इथेच होते. रंग, उशाकडची पाटी, कापडाचं मढवण, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा, की हा पलंग किती वेळा खोलता येईल?

बरेचसे स्वस्त पलंग एकदाच जोडायच्या हिशेबाने बनवलेले असतात. आमचा जोडायचा, खोलायचा, कदाचित दुसऱ्या घरात पुन्हा जोडायचा, आणि शेवटी कुणीतरी तिसऱ्याच माणसाने घेऊन जायचा. हे पलंग बहुतेक पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाच्या चिपा आणि भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे. त्यांत स्क्रू पहिल्यांदा छान बसतो. तोच काढून पुन्हा त्याच भोकात घातला की आतला भुसा सुटतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. गोल चकती अर्धी फिरवून आवळायचे ते कॅम लॉकही तसेच. जोडलेला पलंग ओढत सरकवला की ताण नेमका सांध्यावर येतो आणि फळीचा कोपरा उखडतो. फरशी पुसताना पाणी लागत राहिलं की खालची कड फुगते. दिसायला हे पलंग सुंदर असतात आणि एकाच जागी वर्षानुवर्षं नीट उभेही राहतात, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्यांना हलवायचं नाही.

लोखंडी चौकटीत बोल्ट धातूतून जाऊन नटमध्ये बसतो, पकड भुशावर अवलंबून नसते. जपून खोलला तर पुष्कळ वेळा खोलावा. भरीव लाकडाच्या पलंगातही हेच बघायचं: स्क्रू सरळ लाकडात जातोय, की आडव्या भोकात बसवलेल्या गोल लोखंडी नटमध्ये? नट असेल तर तो पलंगही घरं बदलू शकतो. चित्रात हे दिसत नाही. जोडणीची पुस्तिका बहुतेक कंपन्या वेबसाइटवर ठेवतात. पलंगाच्या दहा फोटोंपेक्षा ती आधी वाचावी. किती सुटे भाग आहेत, सर्वांत लांब तुकडा केवढा, सगळं एका ॲलन कीने, म्हणजे षटकोनी दांड्याच्या छोट्या किल्लीने, होतं की ड्रिल लागतं, सगळं तिथे कळतं. सर्वांत लांब तुकडा महत्त्वाचा, कारण तो लिफ्टमध्ये किंवा गाडीत मावला तर पुढचं सगळं सोपं.

मग आडव्या पट्ट्या. फोमच्या गादीखाली दोन पट्ट्यांमधलं अंतर सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की गादी त्या फटींत खचायला लागते. काही कंपन्या गादीच्या वॉरंटीतच हे अंतर लिहून ठेवतात, शिवाय रुंद पलंगाला मधोमध आधार आणि पाय हवा, असंही लिहितात. हा मधला पाय नसलेले मोठे पलंग विकायला असतात, आणि का असतात ते मला समजत नाही. दोन माणसांचं वजन जिथे येतं तिथेच खाली काही नाही! दुसरं, काही पलंगांच्या किमतीत पट्ट्या धरलेल्याच नसतात, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. आणि अमेरिकी पद्धतीच्या काही चौकटींवर गादीखाली आणखी एक जाडजूड बॉक्स स्प्रिंग, म्हणजे आत स्प्रिंगा असलेली कापडाने मढवलेली पेटी, लागतं. थोड्या दिवसांच्या घरात हा दुसरा अगडबंब डबा कुणाला हवाय?

खाली पेटी असलेला, गादीसकट वर उचलला जाणारा पलंग मला मनातून आवडतो. रिकाम्या बॅगा, जाड पांघरुणं सगळं पोटात जातं. पण तो जड, त्याचे गॅसचे दांडे बसवायला-काढायला दोन माणसं लागतात, आणि पेटी भरली की फरशी पुसायलाही तो हलत नाही. बॅगांची सोय उंच पायांनीही होते. विमान कंपन्या लांबी-रुंदी-उंची मिळून बहुधा १५८ सेंटिमीटरची मर्यादा घालतात. त्या मापातली मोठी बॅग आडवी ठेवली की ३० सेंटिमीटरच्या आसपास जाड भरते. म्हणजे पलंगाखाली त्याहून थोडी जास्त मोकळी उंची हवी. साधारण ३५ सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी चौकटी मिळतात, त्यांच्याखाली बॅग कशीबशी जाते. बुटके, जमिनीलगतचे पलंग फोटोत फार देखणे दिसतात. त्यांच्याखाली धूळ तेवढी जाते, झाडू जात नाही.

गुरुवार

इमारतीखाली कुणीतरी लाकडी पलंग फुकट न्यायला ठेवला होता. नवरा आनंदात. मी मोबाइलची बॅटरी लावून सांधे बघायला बसले: पट्ट्यांची खालची बाजू, स्क्रूची भोकं, उशाकडच्या पाटीची मागची बाजू. ढेकूण तिथेच असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच मिलिमीटरच्या आसपास, डोळ्यांना दिसतो. पण त्याआधी दिसतात ते शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग आणि टाकलेल्या कातडीचे तुकडे. पलंग बरेच दिवस रिकामा होता, यावर विसंबून चालत नाही, कारण ढेकूण रक्ताविना कित्येक महिने जगतात. चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुऊन काढता येतात, पलंग मशीनमध्ये घालता येत नाही. या पलंगावर दोन-तीन ठिपके होते. कशाचे ते ठरवत बसलो नाही, तसाच सोडून वर आलो.

जुना लोखंडी पलंग मी घेतला असता, नळ्यांची तोंडं बंद आहेत ना हे बघून आणि घासूनपुसून. कापडाने मढवलेला जुना पलंग मात्र कुणी पैसे देऊन दिला तरी नको.

संध्याकाळी नवऱ्याने नवी टूम काढली: मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटचा पलंग. फोटोत छान दिसतो. एक गोष्ट निदान वाचून घेतली. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेला, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. दुसरं लाकूड झोपायच्या खोलीत नको. पहिलंही घासून, कुसळं काढून घ्यायला हवं, आणि वर्षअखेरीस ते ढिगाने फेकायला आपणच.

त्यापेक्षा पुठ्ठ्याचा पलंग बरा, असं मी म्हटलं आणि तो हसला. पण हे खरंच आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामात खेळाडूंना पुठ्ठ्याच्या चौकटीचे पलंग दिले होते, २०० किलोपर्यंत वजन पेलणारे. ते लगेच मोडतील अशी अफवा उठली, तेव्हा एका आयरिश जिम्नॅस्टने त्यावर उड्या मारून व्हिडिओच टाकला. २०२४ ला पॅरिसमध्येही पुठ्ठ्याचेच होते. थोड्या आठवड्यांच्या मुक्कामाला ही कल्पना मला चोख वाटते. वर्षभरासाठी, ओलसर हवेत, नाही.

शुक्रवार

कामावरची एक मैत्रीण म्हणाली, फर्निचर भाड्यानेच घ्या. हिशेब करून पाहिला. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असता तर मी दुसरा विचारच केला नसता: आणणं-नेणं त्यांचं, टाकायची चिंता त्यांची. वर्ष म्हटल्यावर भाड्याची बेरीज साध्या नव्या पलंगाच्या पुढे जायला लागली.

दुपारी आईचा फोन. तिने एकच विचारलं. "अगं, तिकडचे पलंग फार ठेंगणे असतात म्हणे. मी आले तर मला उठता येईल ना त्याच्यावरून?"

"आई, तू येतेस का आधी ते सांग."

"तू उंची सांग, मग मी सांगते."

उंचीचं गणित मी फक्त बॅगांसाठी केलं होतं. गुडघे कुरकुरत असतील तर बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि मांड्या गुडघ्यांच्या खाली जाता कामा नयेत. ४५ ते ५० सेंटिमीटरवर बसणं बहुतेकांना सोयीचं पडतं. चौकट ३५, गादी २० धरली तर ५५ होतात. आई काही फार उंच नाही. १५ ची गादी घेतली तर ५०, शिवाय बसल्यावर थोडी दबते. तर गादी १५ ची. आईला कळवलं. तिचं येणं अजून "बघू" वरच आहे.

मग मागणी नोंदवली: काळी लोखंडी चौकट, लाकडी पट्ट्या, मधला आधार, उशाकडे पाटी नाही. पाटी नसली की एक मोठा तुकडा कमी आणि भिंतीवर घासल्याची रेघ नाही. उशी मागे सरकते, एवढीच काय ती अडचण. पलंग भिंतीला लावला की भागतं. पायांसाठी चिकटवायच्या फेल्टच्या चकत्याही मागवल्या. पायांची प्लॅस्टिकची टोपणं लाकडी फरशीवर ओरखडे काढतात, आणि घर सोडताना घरमालक पहिल्यांदा खालीच बघणार.

रविवार

आला. दोघांनी मिळून जोडला. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, मग दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आणली आणि त्यानंतरच ॲलन कीने आवळले. पहिला कोपरा आधीच घट्ट करून टाकला की चौथा कोपरा जुळत नाही, आणि ओढूनताणून बसवलेली चौकट पुढे कुरकुरते. लोखंडी पलंगाचा आवाज म्हणजे सैल सांध्यात धातूवर धातू घासणं. नायलॉनचे वॉशर घातले आणि आठवड्याभराने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळले की बहुतेक थांबतो.

प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवलाय. उरलेले नट-बोल्ट आणि ॲलन की एका पिशवीत घालून ती पिशवी मधल्या दांड्यालाच चिकटपट्टीने बांधली. आमच्याबरोबर येवो की दुसऱ्या कुणाबरोबर जावो, पलंगाबरोबर ती जाईल.

गादीचं मात्र काही ठरेना. ती गुंडाळून, हवा काढून खोक्यात आली. खोकं फोडल्यावर फुलली आणि आता घरच्या घरी काही केल्या त्या आकाराची होणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, पलंग घेईल त्याला गादी फुकट देऊ. वापरलेली गादी सहसा कुणी घेत नाही, आणि पुष्कळ शहरांत मोठं सामान रस्त्यावर ठेवता येत नाही, आधी पालिकेकडे तारीख घ्यावी लागते. इथले नियम काय आहेत ते उद्या फोन करून विचारते.