वर्षभर भटकायचं, पण आधी व्हिसा

मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. ती सातवीत जाणार, तो तिसरीत. आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, त्यामुळे दोघांनाही सोयीचं असं हेच एक वर्ष होतं. नवऱ्याला बिनपगारी रजा मिळाली आणि आम्ही नकाशा घेऊन बसलो.

पहिला बेत मनासारखा होता: आधी व्हिएतनाम, मग आफ्रिका आणि शेवटी एप्रिलमध्ये युरोप. भारतीय पासपोर्टपुढे तो टिकला नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, तोही साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच. जूनमध्ये घर सोडलं की पुढच्या एप्रिलच्या व्हिसासाठी मधेच पुण्याला परत या! मोठ्या प्रवासाची वर्णनं वाचताना ही अडचण कुठे दिसत नाही, कारण लिहिणाऱ्यांचे पासपोर्ट बहुधा वेगळे असतात.

मग क्रमच उलटा केला. अवघड व्हिसा आधी, सोपे नंतर. जून ते ऑगस्ट युरोप. तिथे १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याची मर्यादा आहे, त्यात दहा-बारा दिवस हातचे राखले. सप्टेंबरात केनिया. तिथे ऑनलाइन परवानगी काढली की पुरतं, शिवाय मसाई मारात तेव्हा विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप असतात. पुढे मलेशिया, इंडोनेशिया. व्हिएतनाम जानेवारीनंतर, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आन वगैरे मध्य भागात पुराची भीती असते. तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि वाटेत कुठूनही काढता येतो.

मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा. मुलाचा प्रवासातच संपणार होता आणि बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात, म्हणून सगळ्यात आधी तो नवा केला. व्हिसा केंद्रात बाराच्या आतल्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. ताईचे घेतले, आपले नाही, यावरून धाकट्याने रिक्षात घर येईपर्यंत भांडण केलं. फीसुद्धा तिची मोठ्यांइतकी ९० युरो, त्याची ४५. कागदांमध्ये आम्हाला सर्वांत उपयोगी पडलं ते नवऱ्याच्या कंपनीचं पत्र, ज्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख लिहिली होती. परत येणार, हे पटवणं हेच त्या अर्जाचं खरं काम.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केनियाहून आलेल्यांकडे मलेशिया तिचं प्रमाणपत्र मागतं. एकदा घेतली की ते जन्मभर चालतं. मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे तिथे विचारतात; तो प्रश्न आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलेला बरा.

शाळेबद्दल सासूबाईंचं एकच पालुपद होतं, "अगं, मुलांचं वर्ष जाईल." शाळेने वर्षभर नाव पटावर ठेवायला नकार दिला, तेव्हा सरळ दाखले काढले. शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, तिच्यावर आमची भिस्त आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती टॅबलेटवर घेतली. रोज करायचं ते फक्त गणित आणि मराठी लेखन. भूगोलाचा तास मी मुद्दामच ठेवलेला नाही.

पैशांचा हिशेब लांबलचक आहे, तो इथे सांगत नाही. पण आमचं घर भाड्याने दिल्याशिवाय तो जमत नव्हता. एजंट म्हणाला, "मॅडम, करार अकरा महिन्यांचाच करतात." आम्हालाही ते बरंच पडलं. दोन जूनला निघायचं, मेच्या सुरुवातीला परतायचं, घर रिकामं झालं की रंग द्यायचा आणि शाळेचे प्रवेश करायचे. त्यामुळे वर्षभराचा प्रवास आता अकरा महिन्यांचा आहे. सासूबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग मेमध्ये आंबे खायला साताऱ्यालाच या की."